छत्री फिरवताना खालून आलेला आवाज

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आलोय. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागं कुणीतरी येऊन बसतं... वाचायचं, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचं, दोघांनी हसायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. माझी नोकरी रांजणगावच्या एमआयडीसीत, मेंटेनन्सला. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, हे मी नव्या पोरांना दर वर्षी सांगतो. भूत, भास, संकेत असल्या गोष्टींना आमच्या घरात कुणी कधी थारा दिला नाही.

तरी हे लिहायला बसलोय. कारण मी शोधून शोधून थकलोय.

आमचं घर राहूच्या शिवारात, दौंड तालुक्यात. गावापासून जरा बाहेर, वस्तीवर. नदी जवळ आणि चारी बाजूंनी ऊस, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत सकाळी दारातला गोठासुद्धा धुक्यात दिसत नाही. घर साधंच आहे, दोन खोल्या, पडवी आणि वर स्लॅब. स्लॅबवर जायला बाहेरून लोखंडी शिडी. स्लॅबच्या कोपऱ्यात टीव्हीची डिश, आम्ही तिला छत्रीच म्हणतो, ती फुकट चॅनेलवाली. तिच्या बरोबर खाली जी खोली आहे तिथं टीव्ही, आणि टीव्हीसमोर आप्पांची कॉट.

आप्पा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य त्यांनी शिरूरच्या मार्केट यार्डात एका आडत्याकडं लिलाव पुकारण्यात घालवलं. कांद्याच्या ढिगाभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, हमालांचा आरडाओरडा, बाहेर टेम्पोचे हॉर्न, आणि या सगळ्याच्या वर आप्पांचा आवाज. सौदा पक्का झाला की ते डाव्या हातावर उजव्या हाताची टाळी द्यायचे आणि पुढच्या ढिगाकडं निघायचे. घरीसुद्धा हळू बोलणं त्यांना कधी जमलं नाही. आई होती तोवर म्हणायची, "आवं, मी काय कांद्याचा ढीग हाय का, एवढं वरडताय ते?"

आता छत्री फिरवायचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकजण वर, एकजण खाली टीव्हीसमोर. वरच्यानं फिरवायचं आणि विचारायचं, खालच्यानं बघायचं आणि ओरडायचं. आमच्याकडं वर मी आणि खाली आप्पा, हे मी शाळेत होतो तेव्हापासून ठरलेलं. तेव्हा पाइपावरचा काटेरी अँटेना होता. "आलं का?" "न्हाई!" "आता?" "आलं, आलं... गेलं! माघारी घे!" एकदा तर पलीकडच्या वस्तीवरचे शिवामामा आप्पांच्या ओरडण्यावर स्वतःचाच अँटेना फिरवत बसले होते. अर्ध्या तासानं तणतणत आमच्या दारात. "आलं आलं म्हनताय, माझ्याकडं तर नुसत्या मुंग्याच हाईत की!" त्यावर आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढं अँटेना जाऊन छत्री आली, पण रीत तीच राहिली.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आप्पांना अर्धांगाचा झटका आला. दौंडला दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरी आणल्यावर आम्ही रोज वाट बघायचो, आज एखादा शब्द बोलतील, उद्या बोलतील. काही नाही. सुई टोचली तरी नुसतं "अंऽ". ज्या माणसाचा आवाज यार्डाच्या गेटपर्यंत जायचा, तो पाणी मागायला डोळे हलवत होता. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खरं सांगतो, कामावरून घरी यायला नको वाटायचं.

त्यांना आमचं किती कळतं, हे आम्हाला ओळखता येत नव्हतं. फक्त एक गोष्ट होती. सकाळी एका फुकट चॅनेलवर शेतीच्या बातम्या लागतात आणि त्यात बाजारभाव सांगतात. ते सुरू झाले की आप्पांच्या डाव्या हाताची बोटं कॉटच्या पट्टीवर पडायची. एक भाव, एक टकटक. शिरूरचा कांदा आला की जरा जोरात. आणि मग माझी बायको, रोहिणी, त्यांना पेज भरवायची तर दोन चमचे जास्त जायचे. ती बोटं म्हणजे आप्पा अजून या घरात आहेत, याचा आमच्याजवळचा एकुलता एक पुरावा होता.

पहिली थंडी पडली आणि सकाळचं चित्र जायला लागलं. आधी चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा, मग निळा पडदा आणि नो सिग्नल. ऊन वर आलं की आपोआप सुरळीत. पण तोवर बाजारभाव होऊन गेलेले असायचे. ज्या दिवशी भाव दिसायचे नाहीत त्या दिवशी आप्पा तोंड फिरवून घ्यायचे. चमचा ओठाला लावला की दात घट्ट. थोड्याच दिवसांत गालाची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, तोंडानं खात नसतील तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि एकदा नळी आली की या वयात ती निघणं अवघड. म्हणजे आमच्यासाठी तो टीव्ही करमणुकीचा राहिला नव्हता.

मग मी कंपनीत शोधतो तसं शोधायला लागलो. संध्याकाळी ठीक, पहाटे-सकाळी बंद, म्हणजे एक तर थंडी किंवा दव. छत्रीवरचं दव पुसून बघितलं, फरक नाही. छत्रीसमोर दांडीवर जो डबा असतो, एलएनबी, त्याचं झाकण तडकलं होतं, आत पाणी जात असणार. नवीन बसवला आणि वरून प्लास्टिकची बाटली कापून टोपी घातली. कनेक्टर उघडले, आत हिरवा गंज. तेही बदलले. जुनी वायर थंडीत आखडून कनेक्टरमधून ओढली जात असेल, म्हणून नवी वायर टाकली आणि जरा ढिली सोडली. सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टरसुद्धा बदलला. दोन-तीन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा निळा पडदा.

केडगावचा डिशवाला बोलावला. तो आला भर दुपारी. "चालू तर हाय की, सायेब!" म्हटलं, बाबा, सकाळी ये. "सकाळी? या थंडीत? माझी गाडीच चालू व्हत न्हाई." आणि गेला चहा पिऊन.

शेवटी एकच गोष्ट उरली, छत्रीची दिशा. खांबाचा नट झिजला होता, छत्री केसभर हलली असणार. उन्हात सिग्नल पुरेसा मिळतो, धुक्यात कमी पडतो. म्हणजे ती थंडीतच, चित्र गेलेलं असतानाच लावायला हवी. माझा हिशोब अगदी सरळ होता.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. रोहिणीनं नेहमीप्रमाणं आप्पांना कुशीवर वळवलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना सारखं वळवावं लागतं, कधी टीव्हीकडं तोंड, कधी भिंतीकडं. तेव्हा भिंतीकडं पाळी होती. पाठीशी उशी लावली, कानटोपी घातली, मफलर पार नाकापर्यंत गुंडाळला. टीव्ही चालूच होता, निळा. ती दुधाचं कॅन घेऊन स्कूटीवरून डेअरीला निघाली. कुत्री आत शिरतात म्हणून जाताना बाहेरून कडी घातली. मला म्हणाली, "मी आल्याव सांगते आलं का न्हाई ते. तवर नुसतं ढिलं करून ठेवा." पण मी कसला थांबतोय! म्हटलं, फिरवू आणि खाली उतरून स्वतःच बघू.

मी स्लॅबवर पोचतोय तोच मंगलचा फोन. मंगल माझी धाकटी बहीण, शिरूरला दिलीय. आप्पा आजारी पडल्यापासून रोज सकाळी फोन करते. मी फोन स्पीकरवर टाकला, कठड्यावर ठेवला आणि तिच्याशी बोलत बोलत पान्यानं नट ढिला केला. बोटं बधिर झाली होती. छत्री जराशी ढकलली, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आलं का?"

"न्हाई!"

मी अजून ढकलली. "आता?"

"अजून न्हाई. गोठ्याकडं घे जरा."

घेतली.

"लई झालं. माघारी... माघारी घे, बाळ्या!"

तुम्हाला वाटेल, इथंच हातातला पाना पडायला हवा होता. मलाही वाटतं. पण लहानपणापासून शेकडो वेळा हे असंच झालेलं. वर मी, खाली तो आवाज. डोक्यानं विचारच केला नाही, हात तेवढे चालत राहिले. मी माघारी घेतली.

"आलं! आलं, आलं... थांब. गेलं. केसभर वर."

कठड्यावरून मंगल म्हणाली, "दादा..."

"थांब गं, जमतंय."

"दादा, कोण बोलतंय?"

कोण म्हणजे काय, आप्पा, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. हात नटावरच होता. खालून पुन्हा आवाज आला, यार्डातला, खणखणीत, धुक्यातून आरपार.

"आलं. बास. आता नको छेडू."

आणि त्यापाठोपाठ खिडकीतून टीव्हीचा आवाज सुरू झाला. कसल्यातरी खताची जाहिरात, बाईच्या आवाजातली.

शिडी मी कशी उतरलो ते आठवत नाही. दाराला बाहेरून कडी तशीच होती. ती काढून आत गेलो. पडद्यावर चित्र आरशासारखं स्वच्छ. आप्पा भिंतीकडं तोंड करून, पाठीशी उशी, डावा हात गोधडीखाली, मफलर नाकापर्यंत. मी कॉटच्या पलीकडं सरकलो आणि मफलर खाली ओढला. "आप्पा, तुम्ही बोललात? आप्पा, मी बाळू... आत्ता बोललात ना?" ते माझ्याकडं रोज बघायचे तसेच बघत होते. मी त्यांचा जबडा हातात धरला. ओठ हलले नाहीत.

वर कठड्यावरून मंगलचं ओरडणं ऐकू येत होतं. "दादा! आप्पा बोलले ना? फोन दे त्यांना! अरे, फोन दे की!"

रोहिणी आली तेव्हा मी जमिनीवर बसून होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, आप्पांजवळ गेली, आणि म्हणाली, "मी वळवून गेले तसंच हाईत. उशीबी हाललेली न्हाई." मंगल दुपारच्या आत एसटी बदलून बदलून राहूत पोचली. तिनं आप्पांच्या छातीवर डोकं ठेवलं आणि जी रडली... आम्ही तिघंही रडलो, पण आनंदानं. आप्पा बोलले होते!

रेकॉर्डिंग आहे का, असं आता कुणीतरी विचारणारच. नाही. माझ्या फोनवर नाही, तिच्याही नाही. पलीकडच्या वस्तीवरून कुणी ओरडलं असेल? शिवामामा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि बाळ्या म्हणणारं आप्पांशिवाय कुणी उरलेलं नाही. भास म्हणाल, तर एकच भास राहूला मला आणि शिरूरला मंगलला, एकाच वेळी कसा झाला?

दौंडच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आप्पांची जीभ बघितली, समोर चित्रं धरली, नाव घेऊन हाका मारल्या. काहीच नाही. ते म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधीकधी सवयीचा एखादा शब्द निसटतो. पण माघारी घे, केसभर वर, असं समोरचं बघून सांगणं... "आणि तुम्हीच म्हणताय, तोंड भिंतीकडं होतं." मग फाइल मिटून म्हणाले, "पण होप सोडू नका." हे एवढं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. आशा लागली की माणूस शहाणा राहत नाही.

पुढचे काही दिवस कितीही धुकं असलं तरी चित्र हललं नाही. आप्पांची बोटं पट्टीवर पडत होती, पेज जात होती. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला भाव नको होते, मला तो आवाज हवा होता. मी मंगलला फोनवर म्हटलं, छत्री मुद्दाम हलवतो आणि विचारतो. ती म्हणाली, "दादा, आप्पा नको छेडू म्हणलेत."

"म्हणलेत ना? मग परत म्हणतील!"

मी छत्री हलवली. खाली चित्र गेलं. "आप्पा, आलं का?" मी वरून विचारलं. खालून काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज थंडीत वर जायचं, चित्र घालवायचं आणि विचारायचं. त्यांचं तोंड भिंतीकडं ठेवून बघितलं, टीव्हीकडं ठेवून बघितलं. बाहेरून कडीसुद्धा घालून बघितली. रविवारी मंगल यायची. नको नको म्हणणारी तीही आता मोबाइलचा कॅमेरा लावून आप्पांजवळ बसायची. आम्ही दोघं कसे दिसत असू, देव जाणे.

एका रविवारी माझा घसा बसेपर्यंत मी विचारलं. खाली मंगलचा धीर सुटला. तिनं आप्पांचे खांदे धरले आणि ओरडली, "आप्पा, एक डाव बोला की! माझ्यासाठी! एक डाव आलं म्हणा!" मी पळत खाली आलो. आप्पांचा चेहरा वाकडा झाला होता, डोळ्यांतून धारा, तोंडातून लाळ, आणि डावा हात पट्टीवर आपटत होता, टकटक नाही, नुसता आपटत होता. ते प्रयत्न करत होते. आम्ही काय मागतोय ते त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं.

रोहिणीनं मंगलला बाजूला केलं. ती कधी आवाज चढवत नाही. "परीक्षा लावलीय का तुमी दोघांनी त्यांची? रोज नापास झाले की टीव्ही बंद! एवढी एक गोष्ट व्हती त्यांच्याजवळ, तीबी काढून घेतलीत. असं जनावराला तरी करतं का कुनी?"

त्याच दिवशी मी छत्री पुन्हा लावायला बसलो. पण ती जागा मला सापडलीच नाही. दुपारी चित्र यायचं, सकाळी जायचं. नवीन खांब आणला, नवीन छत्री आणली. चित्र एखाद्या सकाळी आलंच, तर आप्पा बघायचे नाहीत. बोटं थांबली ती थांबलीच. पौष संपायच्या आत त्यांना नळी लागली.

आप्पा आहेत अजून. ही त्यांची दुसरी थंडी, त्याच कॉटवर. मंगल फोन करते, पण छत्रीचं आम्ही एकमेकांजवळ काढत नाही. यंदाही गारठा वाढला तसं सकाळी चौकोन व्हायला लागले. मी वर चढतो, जरा फिरवतो, शिडी उतरून आत येतो, पडदा बघतो, परत वर चढतो. गुडघे बोलायला लागलेत. रोहिणी म्हणते, "मी सांगते की आतनं, कशाला एवढे हेलपाटे?" मी नको म्हणतो. वरून "आलं का?" विचारण्याची आता माझी हिंमत होत नाही. विचारलं की मी कान देऊन थांबणार, आणि खाली कॉटवर त्यांना ते कळणार.

तो आवाज कुठून आला, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. वायर, नट, डबा, माणूस, सगळं तपासून झालं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचीन. पण मला आता कारणाचं तेवढं राहिलेलं नाही. खिडकी माझ्या पायाखालीच होती. कठड्यावरून नुसतं वाकलो असतो तरी कॉट दिसली असती, आप्पा दिसले असते. तो आवाज येत होता तोवर मी छत्रीकडं बघत होतो.